कॉम्प्युटर आपोआप चालू होतो? आधी वेळ लिहून ठेवा

पाऊस धरला की आमच्या डिचोलीकडे लाईटचे जाणे-येणे सुरू होते. रात्री दोनला लाईट येते आणि नीट बंद केलेला कॉम्प्युटर घरघर करत उठतो. घरात कुणी व्हायरस म्हणतो, कुणी मदरबोर्ड गेला म्हणतो. कॅबिनेट उचलून दुकानात नेऊ नका. चार दिवस फक्त नोंद ठेवा: किती वाजता चालू झाला, त्याआधी लाईट गेली होती का, आणि तुम्ही शटडाऊन केले होते की स्लीपवर ठेवले होते.

लाईट येताच चालू होत असेल तर हा बिघाड नसून बायोसमधली, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅममधली, सेटिंग आहे. चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. पॉवरच्या पानावर ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’, ‘एसी बॅक’ अशा नावाची ओळ सापडेल. ती ‘पॉवर ऑफ’ करा. ‘लास्ट स्टेट’ ठेवू नका, कारण चालू असताना लाईट गेली तर तो पुन्हा स्वतःच उठेल. परत आलेली लाईट लगेच पुन्हा जाते, आणि असे झटके हार्ड डिस्कला सोसत नाहीत. ही सेटिंग टिकत नसेल आणि घड्याळही मागे पडत असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. बहुतेक बोर्डांवर ती सीआर २०३२, ३ व्होल्टची असते.

ठरावीक वेळी उठत असेल तर बायोसमध्ये ‘आरटीसी अलार्म’ बंद आहे ना ते पाहा. स्लीपमधून उठत असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘अलाऊ वेक टायमर्स’ बंद करा. अपडेटसाठी तो असाच जागा होतो.

वेळेचा मेळ नसेल तर माउस, कीबोर्ड आणि नेटवर्क कार्ड तपासा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येकाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये कॉम्प्युटर जागा करण्याची परवानगी असते, तिची खूण काढा. नेटवर्कवरून कॉम्प्युटर उठवणारे बायोसमधले ‘वेक ऑन लॅन’ही बंद करा.

एवढे करूनही पूर्ण बंद असलेला कॉम्प्युटर उठत असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूच्या पॉवर बटणावर संशय घ्या. दमट, खारट हवेत त्याच्या आतले पत्रे गंजतात, कधी बटण अर्धवट दाबलेलेच राहते. मदरबोर्डला हे बटण दोनच पिनांनी जोडलेले असते. त्या पिना क्षणभर एकमेकींना जोडल्या गेल्या की कॉम्प्युटर सुरू होतो. दाबणारे बोट आहे की गंज, हे त्याला कळत नाही.

भिंतीवरचा प्लग काढा, पॉवरचे बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या आणि कॅबिनेट उघडा. ‘पॉवर एसडब्ल्यू’ लिहिलेली वायर काढून तिच्या जागी रिसेट बटणाची वायर लावा. दोन्ही बटणांची जात एकच, त्यामुळे आता रिसेट दाबून कॉम्प्युटर चालू करता येतो. दोन-तीन दिवस असेच वापरा. त्रास थांबला तर फक्त बटण बदलायचे.

थांबला नाही तर दोष बोर्डात किंवा एसएमपीएसमध्ये (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या पेटीत) आहे. एसएमपीएसची पेटी घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली असते. दुरुस्तीवाल्याकडे जाताना ती नोंद सोबत न्या आणि वायर बदलून पाहिल्याचे आधीच सांगा. तोवर रात्री भिंतीवरचा स्विच बंद ठेवा. गडगडाट असेल तर प्लग आणि लॅनची केबल दोन्ही काढा.