आधी लोणी करून बघा: परभणीच्या उन्हात व्हिप क्रीम शिकताना

घरून केकच्या ऑर्डरी घ्यायच्या असं ठरवलेल्या मुलींचे मला आठवड्याला दोन-तीन तरी फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, क्रीम कोणतं वापरता?" मी विचारते, "तुमच्या घरी लोणी कोण काढतं?" काहींना वाटतं, ही बाई नाव सांगायचं टाळायली. एकीने तर फोनच ठेवला. पण मला व्हिप क्रीम कळलं ते लोण्यातूनच, तेही दोनदा तोंडावर आपटल्यानंतर.

मी परभणीची. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आम्ही कशावरूनही म्हणतो. उन्हाच्या बाबतीत मात्र कुणी वाद घालायला येणार नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर असतो, दुपारी ओट्याच्या ग्रॅनाइटला हात लावला तर तो कोमट लागतो, आणि लाईटचा काही भरवसा नसतो. अशा स्वयंपाकघरात दुधाचं क्रीम फेटून त्याची फुलं उभी करायची, हा तसा वेडेपणाच. पण तो जमतो.

पहिला प्रयोग नणंदेच्या मुलाच्या वाढदिवसाचा, २०१७ सालचा. दुकानातून फ्रेश क्रीमचे दोन छोटे डबे आणले. डब्यावर मिल्क फॅट २५ टक्के असं स्वच्छ छापलेलं होतं, पण वाचतंय कोण? हँड मिक्सर घेऊन वीस मिनिटं फिरवत बसले. वर थोडा फेस यायचा आणि बसायचा. घट्ट होईल म्हणून पिठीसाखर घातली, मग कॉर्नफ्लोअर घातलं, मग परत साखर. शेवटी तसंच केकवर ओतलं. भाच्याने सगळ्यांसमोर विचारलं, "मामी, केकवर कढी कामून टाकली?"

चूक माझ्या हाताची नव्हती, आकड्याची होती. फेटून उभं राहणाऱ्या क्रीममध्ये स्निग्धांश निदान ३० टक्के लागतो, आणि आपल्या हवेत ३५च्या आसपास असला तर जीव भांड्यात पडतो. पंचवीसवालं क्रीम भाजीत, फ्रूट सॅलडमध्ये छान. ते फेटण्यासाठी केलेलंच नसतं. म्हणून दुकानात पुढच्या बाजूचं चित्र बघू नका, डबा उलटा करा आणि फॅटचा आकडा वाचा.

दुसऱ्या खेपेला म्हटलं, विकतचं नकोच, घरी म्हशीचं दूध येतं. आठ दिवस साय साठवली, गाळली, फेटली. रवाळ झाली आणि तोंडात बारीक चिंध्या यायला लागल्या. साय म्हणजे नुसता स्निग्धांश नव्हे. दूध तापल्यावर त्यातली प्रथिनं वर येऊन जो पापुद्रा धरतात, तोही त्यात असतो, आणि तो कितीही फेटला तरी विरघळत नाही. शिवाय आठ दिवसांच्या सायीला आंबूस वास लागतो तो वेगळाच. साय तुपासाठी ठेवा.

मग गल्लीच्या टोकाच्या दूधवाल्याने सुचवलं की सेपरेटरचं क्रीम घ्या. सेपरेटर म्हणजे दूध जोरात गरगर फिरवून त्यातलं जड आणि हलकं वेगळं करणारं यंत्र. एका तोटीतून क्रीम येतं, दुसरीतून फॅट काढलेलं दूध. पातेलंभर क्रीम आणलं. एप्रिलचे दिवस, सकाळचे अकरा वाजलेले. मिक्सर लावला आणि दोन मिनिटांत असं सुंदर फुललं की मी व्हिडिओ काढायला मोबाईल आणायला वळले. परत येऊन म्हटलं अजून जरा घट्ट करू. आवाज बदलला. आधी मऊ घरघर होती, ती थबथब व्हायला लागली. कडेला पिवळसर दाणे दिसले आणि बघता बघता पात्यांना गोळे चिकटले, खाली निळसर पाणी सुटलं.

माझी आजी तेव्हा आमच्याकडे आलेली होती. दारात उभी राहून म्हणाली, "लोणीच काढायचं व्हतं तर मला सांगायचं की. रवी काय मेली का?" मग भांड्याला बोट लावून म्हणाली, "भांडं बघ किती तापलंय. येवढ्या उन्हात कुणी घुसळतं व्हय?"

आजी घुसळायची पहाटे. उन्हाळ्यात डेऱ्यात माठातलं गार पाणी घालायची, थंडीत चुलीवरचं कोमट. कशासाठी, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. तिच्या हाताला ते माहीत होतं. मला त्या दिवशी डोक्याला कळलं. दुधातला स्निग्धांश बारीक बारीक थेंबांच्या रूपात असतो आणि प्रत्येक थेंबाभोवती पातळ पापुद्रा असतो. फेटताना हवा आत जाते, पापुद्रे थोडे फाटतात आणि थेंब एकमेकांना अर्धवट चिकटून हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळी धरतात. जाळी टिकली की व्हिप क्रीम. थेंब पूर्ण एकमेकांत मिसळून गोळा झाला की लोणी. दोन्ही एकाच वाटेवरची गावं, लोणी फक्त पुढचं. गार क्रीममध्ये थेंब आतून कडक असतात, त्यामुळे ते चिकटले तरी आकार सोडत नाहीत. दहा अंशांच्या वर गेलं की मऊ पडतात आणि सरळ लोण्याकडे धावतात.

त्या दिवशीचं लोणी आम्ही गरम धपाट्यांसोबत खाल्लं. आजीने दोन धपाटे जास्त घेतले.

आता मी करते ते सांगते. सेपरेटरचं क्रीम कच्च्या दुधाचं असतं, ते तसंच केकवर लावायचं नाही. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात आणि तुमचा केक लेकरं खाणार आहेत. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात क्रीमचं भांडं बसवते, हलवत हलवत ८० अंशांपर्यंत नेते. स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या. बोटाने अंदाज घेणं आजीला शोभतं, आपल्याला नाही. मग भांडं उचलून लगेच बर्फाच्या पाण्यात. गार झालं की झाकून फ्रीजच्या सगळ्यात आतल्या बाजूला, रात्रभर. ही रात्र वगळून चालत नाही. क्रीम वरून थंड लागलं तरी आतले थेंब कडक व्हायला कित्येक तास लागतात. "चार तास ठेवलं होतं की ताई" म्हणणाऱ्यांचं क्रीम बसतं, हे मी पुष्कळदा बघितलंय.

सेपरेटर जवळपास नसेल तर लोणी आणि दुधापासून क्रीम परत जुळवता येतं. १०० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, १५० मिली म्हशीचं दूध. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश धरा, दुधातला थोडा. अडीचशे ग्रॅमला पस्तीस टक्क्यांच्या आसपास हिशेब बसतो. दूध तापवून त्यात लोणी वितळवायचं, उकळू द्यायचं नाही, आणि चांगलं गरम असतानाच मिक्सरच्या भांड्यात जोरात फिरवायचं. झाकण रुमालाने दाबून धरा, वाफेने उडतं. मग तेच: गार करणं, रात्रभर फ्रीज. सकाळी वर लोण्याचा थर दिसला तर मिक्सर कमी फिरवला असं समजा, परत गरम करून फिरवा. हे क्रीम सेपरेटरच्या क्रीमइतकं ताठ होत नाही. केकच्या मधल्या थराला, फळांवर चांगलं, गुलाब काढायला नाही. आणि ताकावरचं लोणी वापरू नका. व्हॅनिला कितीही घाला, ताक लपत नाही.

फेटायच्या दिवशी स्टीलचं भांडं आणि मिक्सरची पाती वीस मिनिटं फ्रीजरमध्ये. खाली परातीत बर्फ आणि त्यावर मूठभर जाडं मीठ, कुल्फीवाले करतात तसं. वेळ पहाटे पाच ते सात. उन्हाळ्यात यात तडजोड नाही. एका वेळी २००-२५० मिलीच घ्यायचं. आधी कमी वेगावर, मोठे बुडबुडे जाऊन बारीक फेस येईपर्यंत. मग मध्यम वेग. पात्यांच्या मागे रेषा उमटून मिटेनाशा झाल्या की पिठीसाखर, २०० मिलीला दोन मोठे चमचे. साखर घरी दळत असाल तर कपाला चमचाभर कॉर्नफ्लोअर घालून दळा, गुठळ्या धरत नाहीत. आता पाती उचलून बघा. क्रीमची चोच वाकली तर सॉफ्ट पीक, थरांसाठी तयार. चोच उभी राहिली पण टोक जरा कललं, तिथे मिक्सर बंद. शेवटचे दहा-बारा फटके हाताने, विस्करने. मशीनला थांबायचं कळत नाही. क्रीम दुपटीच्या आसपास फुगलेलं असेल.

कडेला जरा खरबरीत दिसायला लागलं तर घाबरू नका. न फेटलेलं गार क्रीम दोन-तीन चमचे घालून हाताने हलकंच कालवा, सावरतं. पाणी सुटलं असेल तर मात्र विषय संपला. धपाटे करा.

टिकण्यासाठी जिलेटिन घालतात, पण ते प्राण्यांपासून होतं, आमच्याकडे निम्मी गिऱ्हाइकं "अंडं नाही ना?" विचारून मग ऑर्डर देतात, त्यांना ते न सांगता घालणं मला जमत नाही. मी चमचाभर दूध पावडर घालते, तेवढ्यावर भागतं.

आता नॉन-डेअरी क्रीमबद्दल, कारण खरा धंदा त्यावरच चालतो. मी २०१८ मध्ये एका शहरात तीन दिवसांचा क्लास केला, चांगले साडेचार हजार मोजून. तिथे क्रीम म्हणून जे शिकवलं ते फक्त हेच: गोठवलेला पॅक, वनस्पती तेलाचा, साखर आधीच घातलेली. त्यात दूध जवळपास नसतं हे तीन दिवसांत कुणी सांगितलं नाही. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. उन्हात ते जास्त वेळ उभं राहतं, स्वस्त पडतं, जास्त फुलतं. माझ्याही बऱ्याच ऑर्डरी त्यातच जातात. गंगाखेडला तासाभराच्या प्रवासाला जाणारा केक मी दुधाच्या क्रीममध्ये देतच नाही, थर्माकोलचा डबा असला तरी. पण दुधाचं क्रीम फेटलेला हात नॉन-डेअरी पहिल्या दिवशी जमवतो. उलटं होत नाही, कारण नॉन-डेअरी चुका पोटात घालतं आणि मग थांबायचं कुठे ते कळतच नाही.

दोन्हींचे दर वेगळे ठेवा आणि कोणतं आहे ते तोंडाने सांगा. हिशेब असा: म्हशीच्या दुधात स्निग्धांश सात टक्के धरला तर एका लिटरातून ७० ग्रॅम, म्हणजे पस्तीस टक्क्यांचं क्रीम फार तर २०० ग्रॅम. अर्ध्या किलोच्या केकला अडीचशे ग्रॅम क्रीम सहज जातं. म्हणजे सव्वा लिटर दुधाचं सगळं लोणी त्या केकवर बसलंय. हे गिऱ्हाइकाला सांगितलं की भाव करायचा सूर बदलतो, निदान बायकांचा.

कागदपत्रांचं घाबरून बऱ्याच जणी दोन-दोन वर्षं लपूनछपून विकतात. मी २०१९ मध्ये एफएसएसएआयची, म्हणजे खाद्यपदार्थांच्या सुरक्षेचे नियम बघणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी घेतली तेव्हा १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला वर्षाचे १०० रुपये होते. अर्ज ऑनलाइन भरता येतो. भरण्याआधी सध्याचा नियम त्यांच्याच साइटवर बघा, एजंटच्या तोंडून नको. मशीन घ्यायचं असेल तर पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के अनुदान ठरलेलं आहे (योजना अजून चालू आहे का ते आधी विचारा), पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं. नुसत्या कोटेशनवर कुणी पैसे देत नाही. आरसेटीचं, म्हणजे बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचं, प्रशिक्षण मोफत असतं, बचत गटातल्या बायकांना मी तिकडेच पाठवते. आणि बारावी सायन्सची पोरगी असेल, हेच आयुष्यभर करायचं म्हणत असेल, तर तिने केकच्या क्लासवर पैसे घालवू नयेत. परभणीत आपल्या कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय आहे, उदगीरला दुग्धतंत्रज्ञानाचं आहे. तिथे चार वर्षांत जे कळेल त्यातलं पाव मला चाळिशीत, नासलेल्या क्रीमच्या खर्चाने कळलंय.

मागच्या महिन्यात शेजारची एक मुलगी शिकायला आली. पहाटे साडेपाचला, वेणी न घालता. तिच्यासमोर अर्धा लिटर क्रीम ठेवलं आणि म्हटलं, "फेट. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही." रेषा आल्या, चोच आली, ती माझ्याकडे बघायला लागली. मी गप्प. "काकू, बिघडंल की!" "बिघडू दे." आवाज बदलला तसा तिने चेहरा वाकडा केला. थबथब सुरू झाल्यावर मिक्सर बंद करायला लावला आणि विचारलं, "आवाज कुठं बदलला?" तिने डोळे मिटून तोंडाने दोन्ही आवाज काढून दाखवले, अगदी बरोबर.

लोणी धुऊन डब्यात भरून तिला घरी दिलं. दुपारी तिच्या आईचा फोन आला: "लेकरू म्हणतंय हे क्रीम हाये. तूप कढवलं तर चालंल का?"