हलक्या रानात धरणाचा गाळ: अनुदान आणि पसरणी

मुरमाड, वीतभर मातीचं रान चार दिवसांच्या उघडिपीत सुकतं. अशा जमिनीला तलावातला गाळ खरा उपयोगी पडतो. काळ्या, खोल रानात मात्र तो टाकू नका. निचरा थांबतो आणि पीक पिवळं पडतं.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये सुरू झाली. गाळ फुकट मिळतो, उपशाचा खर्च शेतकऱ्यावर नसतो. २०२३ च्या शासन निर्णयाने वाहून नेऊन पसरण्यासाठी घनमीटरला ३५.७५ रुपये ठरवले. एकरी मर्यादा ४०० घनमीटर आणि १५,००० रुपये. अडीच एकरांपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त ३७,५०० रुपये. हे अल्प आणि अत्यल्प भूधारकांसाठी, म्हणजे दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांसाठी आहे. विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील शेतकरी जास्त जमीन असली तरी पात्र ठरतात. सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुक घेऊन ग्रामपंचायतीत मागणी नोंदवा. अनुदान मोजमाप झालेल्या गाळावरच मिळतं, म्हणून ट्रॉल्यांची नोंद रोजच्या रोज तपासा. मागाहून हिशेब जुळत नाही.

नोंदणीआधी गाळ पारखा. वाळलेलं ढेकूळ पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात, न ढवळता ठेवा. नुसतं फुटून तळाशी बसलं तर चालेल. भोवती दुधासारखा गढूळपणा पसरून तासन्‌तास टिकला, तर गाळात सोडियम जास्त असण्याची शक्यता आहे. असा गाळ रान चोपण करतो, म्हणजे माती घट्ट होऊन पाणी मुरत नाही. शंका वाटली तर प्रयोगशाळेतून सामू (पीएच) आणि क्षारता काढून घ्या. कारखान्याचं सांडपाणी येणाऱ्या तलावाचा गाळ नकोच.

एकरी ४०० घनमीटर म्हणजे सुमारे १४१ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), रानभर चार इंचांचा थर. उतार असेल तर बांधबंदिस्ती आधी, नाहीतर पहिल्याच वळवात निम्मं वाहून जाईल. रान नांगरून ठेवा, ढीग लगेच पसरा, ढेकळं उन्हात तापू द्या. मग कुळवाच्या आडव्या-उभ्या पाळ्या देऊन गाळ मुरमात मिसळा. न मिसळलेला थर वेगळाच राहतो: वर चिखल, खाली कोरडं, आणि मुळं सांध्यावरच अडतात.

शेणखत बंद करू नका; गाळात नत्र बेताचंच असतं.