दम वाढवायचाय? आधी पहिली तीन मिनिटं सांभाळा

धावायला लागून आठवडा झाला की बहुतेकांची एकच तक्रार असते, 'माझ्यात स्टॅमिनाच नाही.' मग चारी बाजूंनी सल्ले सुरू होतात. रोज धावा. तोंड मिटून नाकानेच श्वास घ्या. दम लागला तरी थांबू नका, मन घट्ट करा. यातला शेवटचा सल्ला मी इमानेइतबारे पाळला आणि दोन महिने वाया घालवले. म्हणून हे लिहितेय.

बूट, कपडे, सपाट रस्ता हे तुम्ही बघालच. हृदयाचा त्रास असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदाच धावणार असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आठवड्यातून तीन दिवस धावायचं, मध्ये एक दिवस तरी सुट्टी. निघताना पाच-सात मिनिटं झपझप चाला, झाला वॉर्म-अप. श्वास नाकातोंडातून जसा येईल तसा घ्या.

सुरुवात अशी: एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा. चालणं कमीपणाचं वाटत असेल तर जेफ गॅलोवे आठवा. हा अमेरिकन १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावला होता, आणि पुढे त्यानेच नवशिक्यांना मध्ये मध्ये चालत धावायला शिकवलं. त्या पद्धतीने लोक मॅरेथॉन पूर्ण करतात. अट एकच, दम लागायच्या आधी चालायला लागायचं. धाप लागल्यावर चाललात तर ती विश्रांती नाही, शरणागती झाली.

खरी मेख वेगात आहे. मी थांबू नका, थांबू नका असं स्वतःला बजावत पळायचे आणि तरी थांबायचे. फोनवरचं स्टॉपवॉच बघितलं की २:४०, २:५०, फार तर ३:०५. रोज तेच. छातीचा भाता झालेला, तोंडात रक्तासारखी चव, आणि मनात ठाम समजूत की आपली फुप्फुसंच कमकुवत. फुप्फुसांना काहीही झालं नव्हतं.

होतं असं की धावायला लागल्या क्षणी पाय काम मागतात, पण हृदय आणि श्वास त्या मागणीला पुरे पडायला दोन-तीन मिनिटं घेतात. तोवर कमी पडणारी ऊर्जा स्नायू ऑक्सिजनशिवाय उभी करतात. म्हणजे उधारीच. उधारीवर चाललेलं असतं तोवर सगळं सोपं वाटतं, पाय हलके वाटतात, आपण आणखी जोर लावतो. तिसऱ्या मिनिटाला वसुली येते. माझं २:४० म्हणजे ती वसुली होती. मन घट्ट करून ती टळत नाही, उधारी कमी केली तरच टळते.

म्हणून पहिली तीन मिनिटं इतकी हळू पळा की लाज वाटली पाहिजे. झपझप चालणारा माणूस पुढे निघून जाईल, जाऊ द्या. आणि हळू पळणं आपोआप येत नाही, ते शिकावं लागतं. पावलं छोटी करा, अगदी वीतभर कमी. पाऊल पुढे फेकू नका, अंगाखाली पडू द्या. पाय जमिनीपासून जेमतेम उचला. फट् फट् आवाज येत असेल तर तुम्ही पुढे जाण्याऐवजी उड्या मारताय आणि दम वर जाण्यात खर्च होतोय. खांदे कानाला लागले असतील तर सोडा.

वेग बरोबर आहे का ते बघायला घड्याळ नको. मनगटावरचं घड्याळ कधी कधी नाडीऐवजी पावलंच मोजतं, आणि '२२० वजा वय' हे सूत्र एखाद्या माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. त्यापेक्षा पळता पळता एकोणीसचा पाढा म्हणा, मोठ्याने. 'एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक सत्तावन्न' एका श्वासात निघालं तर वेग ठीक. सत्तावन्नच्या आधीच श्वास तुटला तर वेग कमी करा. लोक बघतील. बघू देत.

हळू धावून काय होणार, असं विचारणारे भेटतातच. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या ८०० मीटरच्या धावपटूलासुद्धा ३५ किलोमीटरच्या लांब धावा करायला लावत. तो धावपटू पीटर स्नेल. त्याने १९६० आणि १९६४ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. त्यांचं 'हळू' आपल्याला झेपणारं नाही, पण तत्त्व तेच आहे. स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढायला वेळ द्यावा लागतो, आणि तेवढा वेळ धावायचं तर हळूच धावावं लागतं.

पुढचं सोपं आहे. दोन धाव-दोन चाल, मग तीन-दोन, पाच-दोन, आठ-एक. पाढा म्हणत पूर्ण झाली ती पायरी झाली, नाहीतर पुढच्या आठवड्यात तीच. सलग ३० मिनिटांना दहा-बारा आठवडे धरा, कोणाला चार महिनेही लागतात.

एक गोष्ट मात्र दटावून सांगते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात अचानक जमायला लागतं आणि हुरूप येतो. पहिल्या पंधरवड्यातच रक्तातलं पाणी वाढलेलं असतं, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं, त्यामुळे दम पुरतो. हाडांचं तसं नाही. नवा भार पडला की हाड आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग नवा भरतं. या सगळ्या फेऱ्याला तीन-चार महिने लागतात आणि मधले काही आठवडे हाड उलट नाजूक असतं. नेमकं तेव्हाच आपण रोज धावायला लागतो, आणि नडगी बोंबलते. नडगीच्या आतल्या कडेने लांबवर ठणकत असेल तर आठवडाभर धावणं बंद, चालणं चालू. पण दुखणारी जागा एका बोटाने नेमकी दाखवता येत असेल, किंवा एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, तर डॉक्टरकडे जा. एक्स-रे स्वच्छ आला तरी निर्धास्त होऊ नका, हाडातली बारीक चीर सुरुवातीला त्यात बरेचदा दिसत नाही.

आठवडाभर खंड पडला तर होता तिथूनच सुरू करा. तीन आठवडे पडला तर दोन पायऱ्या खाली उतरा.

३० मिनिटं जमली की तीनपैकी एकच धाव आठवड्याला पाच मिनिटांनी वाढवा, बाकी दोन तशाच ठेवा. वेगाचं नाव महिनाभर काढू नका, आणि नंतर काढलंत तरी आठवड्यातून एकाच दिवशी, तेही पहिली तीन मिनिटं सोडून.