आर्क द त्रियोंफला जाण्याआधी

पॅरिसच्या बहुतेक सहलींत आर्क द त्रियोंफ ही विजयकमान 'बसमधून दर्शन' या सदरात मोडते. बस चौकाला एक फेरी मारते, गाईड माइकवर नेपोलियनचं नाव घेतो, खिडकीतून चार फोटो निघतात आणि लगेच आयफेल टॉवरची गडबड सुरू होते. ती फेरी हिशेबात धरू नका. कमानीला एक अख्खी संध्याकाळ द्यायची, हे आधी ठरवून टाका. बाकीची तयारी त्यावरून आपोआप ठरत जाते.

संध्याकाळच का, तर कमानीखाली पहिल्या महायुद्धातल्या एका अज्ञात सैनिकाचं थडगं आहे आणि त्यावरची ज्योत रोज साडेसहाला पुन्हा चेतवली जाते. 11 नोव्हेंबर 1923 ला ती पहिल्यांदा पेटली. 1940 साली पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेलं तेव्हाही हा रिवाज मोडला नाही. हा सोहळा पाहायला तिकीट लागत नाही, फक्त थोडं आधी पोहोचून जागा धरावी लागते. सूर्याचं वेळापत्रक मात्र वेगळं असतं. जूनमध्ये तो रात्री दहाच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात पाचच्या आधीच. म्हणून उन्हाळ्यात आधी ज्योत, मग पोटपूजा आणि मग कमानीच्या माथ्यावरची गच्ची. हिवाळ्यात आधी गच्ची, मग ज्योत. फेब्रुवारीच्या शेवटी दोन्ही एकाच वेळी येतात आणि एक सोडावं लागतं. मी सूर्यास्त सोडेन, तो कुठेही दिसतो.

तिकीट लागतं ते फक्त वर जायला. ते ऑनलाइन काढून ठेवलेलं बरं, कारण खालची रांग संध्याकाळी वाढत जाते. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, तेव्हा मुलांच्या वयाचा पुरावा जवळ असू द्या. 18 ते 25 या वयातली सवलत युरोपियन युनियनचे नागरिक आणि तिथले रहिवासी यांच्यासाठी आहे, भारतातून गेलेल्या पर्यटकाला ती लागू नाही. पॅरिस म्युझियम पास घेणार असाल तर त्यात ही कमान येते, वेगळं तिकीट काढू नका. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत आणि ठेवायलाही सोय नाही. विमानतळावरून थेट इथे येण्याचा बेत असेल तर तो आत्ताच खोडा.

पोहोचायला मेट्रोच्या 1, 2 आणि 6 या लाइन किंवा आरईआर या उपनगरी रेल्वेची ए लाइन. स्टेशनचं नाव शार्ल द गोल–एतवाल. बाहेर आलात की कमान समोर दिसते आणि रस्ता ओलांडायचा मोह होतो. तो आवरा. इथे बारा रस्ते एकत्र येतात आणि चौकात नव्याने शिरणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असा नियम आहे, त्यामुळे आतल्या गाड्या कधी थांबतील आणि कधी निघतील याचा अंदाज तिथल्या ड्रायव्हरलाही लागत नसावा. शाँझेलिझे या मोठ्या रस्त्याच्या फुटपाथवरून भुयारी रस्ता खाली उतरतो, त्यानेच जा. गर्दीत पाकीट आणि पासपोर्ट आतल्या खिशात ठेवा. सही मागायला कागद पुढे करणाऱ्यांपाशी थांबू नका.

वर जायला 284 पायऱ्या आहेत, त्याही गोल फिरणाऱ्या अरुंद जिन्याच्या. गडकिल्ले चढणाऱ्याला ही संख्या किरकोळ वाटेल, पण गडावर टेकायला दगड असतो, इथे मागे माणसं असतात. पकड असलेले बूट घाला आणि सुरुवात हळू करा. लिफ्ट आहे, पण ती ज्यांना चढणं शक्य नाही त्यांच्यासाठी. आईवडील सोबत असतील तर ती चालू आहे का आणि कुठपर्यंत नेते, हे तिकीट काढण्याआधीच विचारून घ्या. गच्चीवर वारा चांगलाच लागतो, त्यामुळे उन्हाळ्यातही पातळ जाकीट हवंच.

आता खरी तयारी, कारण कमानीवर खाली कोरलेल्या मजकुराकडे फारसं कुणी बघत नाही. ऑस्टरलिट्झची लढाई डिसेंबर 1805 मध्ये जिंकल्यावर नेपोलियनने ही कमान बांधायला सांगितली आणि 1806 मध्ये काम सुरू झालं. 1810 साली त्याची नवी राणी मारी-लुईज शहरात आली तेव्हा पाया जेमतेम वर आला होता, म्हणून लाकूड आणि कापडाची पूर्ण आकाराची खोटी कमान उभारावी लागली. खरी पूर्ण झाली 1836 मध्ये, तेव्हा नेपोलियनला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. तो तिच्याखालून गेला तो डिसेंबर 1840 मध्ये, शवपेटीतून.

छोटी दुर्बीण असेल तर न्या. आतल्या भिंतींवर सुमारे 660 नावं कोरली आहेत, बहुतेक सेनापतींची. ज्या नावाखाली रेघ आहे तो माणूस रणांगणावर पडला, एवढं माहीत असलं की ती भिंत वाचता येते. फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगोचे वडील जनरल होते, पण त्यांचं नाव इथे नाही. मुलाने तो राग एका कवितासंग्रहाच्या अर्पणपत्रिकेत काढला. 1885 मध्ये ह्यूगो वारला तेव्हा त्याचाच देह अंत्यदर्शनासाठी याच कमानीखाली ठेवला गेला.

शाँझेलिझेकडे तोंड असलेल्या बाजूला, उजव्या खांबावर फ्रांस्वा र्यूदचं शिल्प आहे: फ्रेंच राज्यक्रांतीतले 1792 चे स्वयंसेवक आणि त्यांच्यावर पंख पसरून ओरडणारी स्त्री. बाकीची तीन मोठी शिल्पं त्याच्यापुढे मला थिजल्यासारखी वाटतात.

थडग्यापाशी जाल तेव्हा ओग्यूस्त तँ हे नाव लक्षात असू द्या. 1920 मध्ये व्हर्दन या महायुद्धातल्या रणभूमीच्या गावी आठ अनोळखी शवपेट्यांतून एक निवडायचं काम या साध्या सैनिकावर आलं. त्याची रेजिमेंट 132 वी; त्याने आकड्यांची बेरीज केली आणि सहाव्या पेटीवर फुलं ठेवली. ती पेटी इथे आली तेव्हापासून लष्करी संचलन कमानीखालून जात नाही, बाजूने वळसा घेतं.

तारखा शेवटी एकदा तपासा. 1 जानेवारी, 1 मे आणि 25 डिसेंबरला कमान बंद असते. 8 मे, 14 जुलै आणि 11 नोव्हेंबरला सकाळी सरकारी समारंभ असतात, त्या दिवशी दुपारनंतर निघा.