लहान मुलांचा टीबी : या चुका टाळा

टीबीच्या कामासाठी दिघा, ऐरोली, घणसोली, कळवा असं घरोघरी फिरते, वस्ती बदलते पण चुका त्याच. प्रत्येक घरी तेच सांगून झालंय, म्हणून आता एकदा लिहूनच टाकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरात मोठ्या माणसाला टीबी निघाला की सगळे त्याच्यामागे लागतात आणि लहान मुलाला कोणी तपासतच नाही. मुलाला टीबी हवेतूनच लागतो आणि बहुतेक वेळा घरातल्याच खोकणाऱ्या माणसाकडून. पाच वर्षांखालच्या मुलात जंतू शिरला तर आजार व्हायचा धोका मोठ्यांपेक्षा खूप जास्त असतो आणि तो बहुतेक वेळा वर्षभरातच डोकं वर काढतो. म्हणून घरात फुप्फुसाचा टीबी निघाला की पाच वर्षांखालचं प्रत्येक मूल तपासायचं, आणि त्याला आजार नसेल तर प्रतिबंधक औषध द्यायचं असा सरकारी नियमच आहे. नेहमीचा कोर्स म्हणजे आयसोनियाझिड, रोज, सहा महिने, फुकट. पण लोकांचं एकच, पोरगं ठणठणीत खेळतंय, गोळ्या कशाला? अहो, ठणठणीत आहे तेव्हाच द्यायच्या असतात त्या!

घणसोलीतलं एक घर सांगते. वडील एमआयडीसीत कामाला, त्यांच्या थुंकीत टीबी निघाला, औषध सुरू झालं. मुलगी दोन वर्षांची, गुटगुटीत. मी मुलीच्या गोळ्यांचं बोलले तर आजी म्हणाल्या, "ताई, हिला बीसीजीची लस दिलीय की जन्मल्यावर." परत गेले, परत तेच उत्तर. काही महिन्यांनी मुलगी किरकिर करायला लागली, बारीक ताप, मधेच उलटी. कोणी म्हणे दाढा येतायत, कोणी म्हणे पोट बिघडलंय, मेडिकलवाल्याने उलटीचं सिरप दिलं आणि त्यात दिवस गेले. मग ती नुसती झोपून राहायला लागली, एक डोळा तिरळा दिसायला लागला, आणि फिट आली तेव्हा कुठे हॉस्पिटल गाठलं. मेंदूच्या आवरणाचा टीबी. मुलगी वाचली, पण वर्षभर औषध चाललं आणि एका बाजूच्या हातापायाची फिजिओथेरपी अजून चालू आहे. बीसीजीमुळे असा मेंदूचा किंवा अंगभर पसरणारा टीबी बराच टळतो, पूर्ण टळत नाही, आणि फुप्फुसाच्या टीबीसाठी तर तिच्या भरवशावर राहूच नका. घरात टीबीचा पेशंट आहे आणि मूल सुस्त पडलंय, उलट्या करतंय, तर त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या आणि आत शिरल्याशिरल्या पहिलं वाक्य "घरात टीबी आहे" हेच बोला. लोक हे लपवतात, शेजारच्यांना कळेल म्हणून, आणि मग डॉक्टरचंही तिकडे लक्ष जात नाही.

दुसरी, हल्लीच्या आईबाबांची खास चूक, चार दिवसांत फरक नाही की डॉक्टर बदल. मग होतं काय, प्रत्येक नवीन डॉक्टरला आपण "तीन दिवसांपासून खोकला" सांगतो आणि तो प्रत्येक वेळी नवीन सिरप देतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला किंवा ताप असला तर टीबीचा विचार करायचा, पण ते दोन आठवडे कोणालाच दिसत नाहीत. मी सगळ्यांना सांगते, भिंतीवर कालनिर्णय असतंच, त्यावर ताप कधी आला, खोकला कधी सुरू झाला ते लिहा, आणि दर महिन्याला अंगणवाडीत एकाच काट्यावर वजन करून तेही तिथेच लिहा. लहान मुलाच्या टीबीत खोकल्यापेक्षा वजन जास्त बोलतं. तीन महिने वजन वाढलंच नाही किंवा कमी झालं तर "खातच नाही हो" म्हणून टॉनिक आणू नका, दाखवा. मानेत गाठ येऊन दोन आठवडे झाले तरी जात नसेल तर तेल चोळत बसू नका.

तपासणीतले शॉर्टकट. टीबी तपासायला हातावर देतात त्या सुईचा, म्हणजे मॅन्टू टेस्टचा, फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवतात, "ताई, लाल झालंय, टीबी आहे का?" लालीला काही अर्थ नाही, ४८ ते ७२ तासांत हाताला लागणारा फुगवटा पट्टीने मोजतात, साधारण १० मिलिमीटर किंवा जास्त असला तर पॉझिटिव्ह, आणि तेव्हाही जंतू शरीरात शिरलाय एवढंच कळतं. कुपोषित मुलात टीबी असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. रक्तातल्या अँटीबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या टेस्टवर तर २०१२ पासून बंदी आहे, कोणी सांगितली तर पैसे घालू नका. लहान मुलं थुंकी बाहेर काढत नाहीत, गिळतात, म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढतात आणि ते सीबीनॅटला, म्हणजे टीबीचा जंतू शोधणाऱ्या मशीनच्या तपासणीला, जातं. बघवत नाही, मान्य आहे, पण निदान पक्कं करायला याची मदत होते. आणि त्या दिवशी मूल रडतं म्हणून घरून निघताना दूध पाजून आणू नका, नमुना वाया जातो.

औषध सुरू झालं की महिना-दीड महिन्यात मूल खायला लागतं, गाल भरतात, आणि इथेच लोक औषध सोडतात. साधा फुप्फुसाचा टीबी असला तरी सहा महिने, एकही दिवस न चुकवता. मुलांची गोळी पाण्यात विरघळणारी असते, ती चमचाभर पाण्यात विरघळवून लगेच पाजा, दुधाच्या बाटलीत टाकू नका, अर्धी बाटली उरली की अर्धा डोसही उरला. डोस वजनावर ठरतो, मूल वाढलं की गोळ्याही वाढू शकतात, म्हणून दर महिन्याला वजन करायला आणाच. लघवी केशरी झाली तर घाबरू नका, ते रिफाम्पिसिन या टीबीच्याच औषधामुळे. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, तर मात्र पुढचा डोस न देता लगेच डॉक्टरकडे.

ताट-वाटी वेगळी करू नका, टीबी भांड्यांतून लागत नाही.

मोठ्यांच्या उरलेल्या गोळ्या अर्ध्या करून मुलाला देऊ नका, कधीच.

आणि बँकेचं पासबुक द्यायला टाळाटाळ करू नका. टीबीच्या पेशंटच्या खाण्यापिण्यासाठी सरकारची निक्षय पोषण योजना आहे, तीत नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये मिळतात, प्रायव्हेट डॉक्टरकडे औषध चालू असलं तरी, फक्त त्यांनी निक्षय या सरकारी पोर्टलवर पेशंटची नोंद केलेली हवी, ती त्यांना बंधनकारकच आहे. झालीय का ते विचारून घ्या, नाहीतर टीबीच्या सरकारी हेल्पलाइनला, १८००-११-६६६६ वर, फोन करा.