मोठा मासा गळाला लागल्यावर: पाण्याबाहेर न काढता सोडण्याची पद्धत

जून २०२२ मध्ये कंबोडियात मेकाँग नदीत सापडलेले सुमारे ३०० किलो वजनाचे पाकट (स्टिंगरे, चपट्या अंगाचा मासा) हा गोड्या पाण्यातला आजवर नोंदला गेलेला सर्वांत वजनदार मासा आहे. संशोधकांनी त्या मादीच्या अंगावर माग ठेवणारे खूणयंत्र बसवून तिला जिवंत नदीत सोडले. गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला अशा माशाची ओढ असते, आणि ती असण्यात गैर काहीच नाही. मात्र महाकाय मासे उशिरा वयात येतात. उत्तर अमेरिकेतील पांढरा स्टर्जन हा मोठा मासा तर शंभराहून अधिक वर्षे जगू शकतो. त्यामुळे एक मोठी मादी गेली की तिची जागा भरून यायला अनेक वर्षे लागतात. कावेरीतला कुबड असलेला महसीर आज अतिसंकटग्रस्त आहे. म्हणून मोठ्या माशाच्या मागे जाणाऱ्याने तो सोडण्याची तयारी गळ टाकण्याआधीच करावी.

सर्वप्रथम त्या पाण्यात त्या जातीचा मासा धरण्यास परवानगी आहे का, हे पाहावे. त्यानंतर साधने निवडावीत. हलक्या दोरीवर मोठा मासा खेळवण्यात कौशल्य दिसते असे अनेकांना वाटते, पण माझ्या मते ते माशाच्या जिवावर बेतणारे कौशल्य आहे. झुंज लांबली की माशाच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते, आणि पोहत दूर गेलेला मासासुद्धा काही तासांनी मरू शकतो. दोरी, रॉड आणि रील अपेक्षित माशाला लवकर काठाशी आणतील इतके मजबूत असावेत. गळ एकच लावावा आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा, म्हणजे तो जबड्यातून सहज निघतो. पाणी कोमट झाले की त्यात प्राणवायू कमी राहतो. अशा दिवसांत मोठ्या माशाच्या मागे न लागणेच योग्य.

मासा काठाशी आल्यावर स्वतः पाण्यात उतरावे. हात आधी ओले करावेत, कारण कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी किंवा जंतुसंसर्ग होऊ शकतो. कल्ल्यांत बोटे घालू नयेत आणि जबड्याला धरून मासा उभा लोंबकळत ठेवू नये. एरवी पाण्याने तोलून धरलेले त्याचे शरीर तेव्हा स्वतःच्याच वजनाने खाली ओढले जाते आणि जबड्याला व कण्याला इजा होते. एक हात शेपटीच्या बुडाशी, दुसरा पोटाखाली, आणि अंग आडवे, कल्ले पाण्यात. गळ फार खोल गिळला गेला असेल तर तो उपसत बसण्यापेक्षा दोरी तोंडाजवळ कापावी.

वजनाचा मोह आवरत नसेल तर मोजपट्टी पुरते. लांबी आणि सर्वांत जाड भागाचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा, घेराचा वर्ग करून लांबीने गुणावे आणि २९,००० ने भागावे; १२० सेंटिमीटर लांब आणि ७० सेंटिमीटर घेराचा मासा सुमारे २० किलोंचा भरतो. चपट्या किंवा फार लांबोळक्या जातींसाठी हा अंदाज ढोबळच राहतो. छायाचित्र मासा पाण्यात असतानाच घ्यावे, आणि कॅमेरा आधीच सज्ज ठेवावा.

सोडताना नदीत त्याचे तोंड प्रवाह येतो त्या दिशेला करून त्याला सरळ धरावे, म्हणजे कल्ल्यांतून पाणी वाहते. पुढे-मागे हलवण्याची अनेकांना सवय असते, पण मागे ओढल्याने कल्ल्यांतून पाणी उलट जाते, तेव्हा ते टाळावे. अमेझॉनमधील अरापाइमाची गोष्ट वेगळी आहे: तो पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, म्हणून दमलेल्या अरापाइमाला पाण्याखाली दाबून ठेवणे म्हणजे त्याला गुदमरवणे. त्याला आधार देऊन वर राहू द्यावे आणि त्याने स्वतः श्वास घेतल्याची खात्री करावी. मासा तोल सावरून शेपटीने जोर लावू लागला की पकड सैल करावी, पण तो उलटा झाला किंवा कलंडला तर लगेच पुन्हा आधार द्यावा, मग त्यात कितीही वेळ गेला तरी चालेल.