टीपीएनचे सिरिंज पंप लावताना या चुका टाळा

एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) टीपीएनवरच्या, म्हणजे शिरेतून पूर्ण पोषण मिळणाऱ्या, बाळाशेजारी बहुतेक वेळा दोन पंप असतात. एकात अमिनो-ग्लुकोज (अमिनो आम्लं आणि साखरेचं द्रावण), दुसऱ्यात दुधासारखं पांढरं लिपिड, म्हणजे स्निग्ध पदार्थ. पंप दिसायला सारखेच. सगळ्यांत घातक चूक इथेच होते: दोघांचे रेट एकमेकांना लागतात.

१.२ किलोचं बाळ धरा. अमिनो-ग्लुकोज किलोमागे दिवसाला १२० मिली, म्हणजे १४४ मिली, ताशी ६. लिपिड किलोमागे ३ ग्रॅम, म्हणजे २० टक्क्यांच्या लिपिडचे १८ मिली, ताशी ०.७५. रेट उलटे पडले की दिवसभराचं लिपिड तीन तासांत बाळाच्या अंगात. ताशी किलोमागे ०.१५ ग्रॅमच्या वर जाऊ नये, तिथे १ ग्रॅम जातं. रक्ताचा नमुना दुधाळ दिसतो, श्वास बिघडू शकतो. तिकडे ग्लुकोज थेंबाथेंबाने जातं आणि शुगर कोसळते. एवढं होऊनही पंप वाजत नाही, कारण त्याच्या लेखी दोन्ही रेट चालण्यासारखे असतात.

ड्यूटी बदलायच्या गडबडीत एक सिस्टर रेट घालते, दुसरी स्क्रीन बघून ‘सहा, पॉइंट सात पाच’ म्हणते आणि सही करते. आकडे बरोबरच असतात, पण कुठल्या सिरिंजला कुठला आकडा लागलाय हे कुणी बघितलेलंच नसतं. अशी सही म्हणजे तपासणी नव्हे.

म्हणून सिरिंज बसवल्याशिवाय रेट घालू नका. एक पंप पूर्ण सुरू झाला की मगच दुसऱ्याला हात लावा. सिरिंजपासून बाळापर्यंत नळीवर बोट फिरवत जा आणि मोठ्याने म्हणा: ‘पांढरं, पॉइंट सात पाच.’ दोन पंपांपैकी लिपिडचा पंप प्रत्येक बेडला खालीच ठेवा आणि नळीच्या बाळाकडच्या टोकालाही लेबल लावा. दुसऱ्या सिस्टरने हिशोब स्वतः करायचा, पहिलीचा आकडा ऐकून नाही. पंपात ड्रग लायब्ररी (प्रत्येक औषधाच्या रेटच्या मर्यादा साठवलेली यादी) असेल तर लिपिडला वरची मर्यादा घालून घ्या. घाईत ती यादी टाळून साध्या मोडवर पंप चालवायची सवय अजिबात लावून घेऊ नका. चूक लक्षात आलीच तर लिपिड लगेच बंद करा, ग्लुकोजचा रेट नीट करा, शुगर बघा आणि डॉक्टरांना त्याच मिनिटाला सांगा.

दुसरी खोड ऑक्लूजनच्या, म्हणजे नळीत अडथळा आल्याच्या, अलार्मची. नवे लोक सायलेंट दाबतात, पुन्हा स्टार्ट दाबतात, पुन्हा तेच. थ्री-वे (नळीवरची तीन तोंडांची तोटी) बंद असतो, नाहीतर नळी बाळाखाली दुमडलेली असते, आणि पंप तोवर नळीत दाब साठवत राहतो. अडथळा एकदम सुटला की साठलेलं सगळं बाळात जातं. आधी बाळाकडचा क्लॅम्प लावा, सिरिंजकडचा दाब सोडा, मग कारण शोधा.

अडथळा फिल्टरमध्ये असेल तर फिल्टर काढून तेच द्रावण पुढे चालवणं अक्षम्य आहे. अमिनो-ग्लुकोजला ०.२ मायक्रॉनचा, लिपिडला १.२ चा फिल्टर लागतो. तो तुंबला तर कॅल्शियम-फॉस्फेटचे कण बनलेले असू शकतात. असेच कण रक्तात गेल्यामुळे रुग्ण दगावले होते, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने १९९४ मध्ये इशारा दिला होता. द्रावण थांबवा, फार्मसीला कळवा.

बाकीच्या चुका थोडक्यात. स्क्रीनवर सिरिंजची कंपनी आणि माप चुकीचं निवडलं की रेट चुकतो, कारण सिरिंजची आतली रुंदी वेगळी असते. ०.७५ सारख्या रेटला ५० मिलीची सिरिंज लावू नका, द्रावण निघायलाच बराच वेळ जातो. लहान सिरिंज घ्या आणि बाळाला जोडण्याआधी पंपावरूनच पर्ज करा, म्हणजे नळी द्रावणाने भरून घ्या. प्लंजर खाचेत नीट बसला नसेल आणि पंप बाळापेक्षा उंच असेल, तर द्रावण आपोआप ओढलं जातं. फ्रीजमधून काढलेलं द्रावण लगेच लावलं तर तापताना नळीत बुडबुडे सुटतात.

मागे पडलेलं टीपीएन रेट वाढवून कधीही भरून काढू नका. आणि पुढची सिरिंज यायच्या आत अमिनो-ग्लुकोज संपलंच, तर डॉक्टरांना विचारून १० टक्के ग्लुकोज त्याच रेटने लावा आणि शुगर बघत राहा.